गाव शहरात ओढलं जातंय? हद्दवाढीला विरोध नीट कसा करायचा, सगळं एका ठिकाणी

मी करवीर तालुक्यातला, म्हणजे कोल्हापूरला चिकटून असलेल्या गावातला. आमच्याकडं हद्दवाढ हा शब्द लहान पोरांनापण माहित आहे. कोल्हापूरची महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला, तेव्हापासून शहराची हद्द आहे तिथंच आहे, ६६.८२ चौरस किलोमीटर. कधी ४२ गावं घ्यायचा प्रस्ताव, कधी १८ गावं आणि दोन एमआयडीसी, कधी आठच गावं, आणि प्रत्येक वेळी गावं रस्त्यावर उतरली. त्यामुळं पुणे, ठाणे, नाशिक, सोलापूर कुठल्याही शहराच्या कडेला असलेल्या गावातल्या लोकांना उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न करतोय. राजकारण बाजूला ठेवून, नेमकं काय करायचं तेवढंच.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. नुसतं "आम्हाला यायचं नाही" म्हणून गाव वाचत नाही. मोर्चा, गाव बंद, हायवेवर रास्ता रोको हे सगळं लागतं, त्याच्याशिवाय मुंबईत कुणी फाईल वर काढत नाही, पण शेवटी प्रश्न येतो तो असा की मग तुमच्या सांडपाण्याचं काय, कचऱ्याचं काय, तुमच्या गावात उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटचं काय. याचं उत्तर ज्या गावाकडं कागदावर असतं त्या गावाचं ऐकलं जातं. नाहीतर दोन-तीन वर्षांनी प्रस्ताव परत येतोच.

आता कायदा कसा चालतो ते बघू, कारण ८०% लोकांना हेच माहित नसतं की निर्णय कोण घेतं. बऱ्याच जणांना वाटतं महापालिकेनं ठराव केला म्हणजे गाव गेलं. तसं नसतंय. महापालिकेचा ठराव हा फक्त प्रस्ताव. हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा, म्हणजे नगरविकास विभागाचा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली. त्या कलमात दोन गोष्टी लिहिल्यात त्या पाठ करून ठेवा: एक, सरकारनं महापालिकेशी सल्लामसलत करायला पाहिजे, आणि दोन, अंतिम अधिसूचना काढायच्या आधी प्रारूप (म्हणजे कच्ची) अधिसूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवायला पाहिजेत. साधारण ३० दिवस मिळतात. मग सुनावणी, जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्तांकडं, त्यांचा अहवाल मुंबईला, आणि मग अंतिम अधिसूचना राजपत्रात. ती निघाली की ग्रामपंचायत बरखास्त, दप्तर, इमारत, गायरान, पाण्याची टाकी सगळं महापालिकेच्या नावावर.

दुसरं, घटनेचं कलम २४३-क्यू. त्यात शहरी भाग ठरवताना काय बघायचं ते दिलंय: लोकसंख्या, लोकसंख्येची घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराची टक्केवारी, आर्थिक महत्त्व. म्हणजे तुमची हरकत याच मुद्द्यांवर लिहायची. "आमच्या पूर्वजांची भूमी" हे भाषणात चालतं, सुनावणीत नाही.

(गाव पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात असेल, पालघरकडं वगैरे, तर तुमची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. कलम २४३-झेडसी प्रमाणं नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला थेट लागूच होत नाही, आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा आहे. लगेच जाणकार वकील गाठा, खालचं नंतर वाचा.)

आधी माहिती काढा, प्रस्ताव यायच्या आधी

प्रारूप अधिसूचना निघाल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज टाकणारी गावं मी बघितलीत. अर्जाचं उत्तर यायची मुदत ३० दिवस आणि हरकतीची मुदतपण तेवढीच, म्हणजे उत्तर हातात पडेपर्यंत गाडी गेलेली असते. म्हणून पेपरात "हद्दवाढ" अशी बातमी दिसली की त्याच आठवड्यात अर्ज टाका. महापालिकेत एक, नगरविकास विभागात एक, जिल्हाधिकारी कार्यालयात एक. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपये फी, त्यामुळं सगळं एकात कोंबू नका. काय मागायचं: प्रस्तावाची पूर्ण प्रत नकाशासकट, महासभेचा ठराव, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या गावासाठी पाणी, ड्रेनेज, रस्ते याला किती खर्च येईल आणि तो पैसा कुठून आणणार याचा महापालिकेनं केलेला अभ्यास. या खर्चाच्या अर्जाला बहुतेक वेळा "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. ते उत्तर फ्रेम करून ठेवण्यासारखं असतं, कारण महापालिकेनं खर्चाचा हिशोबच केला नाही हे तिनंच लिहून दिलेलं असतं, आणि सुनावणीत तो कागद तुमच्या दहा भाषणांपेक्षा भारी पडतो.

राजपत्र रोज बघायला दोन पोरं नेमा. खरंच सांगतोय. गावात मोबाईल घेऊन बसलेली हुशार पोरं भरपूर असतात, त्यांना काम द्या. राजपत्र ऑनलाईन येतं, जिल्हाधिकारी कार्यालयाचा नोटीस बोर्डपण बघायचा, पेपरातल्या सरकारी जाहिराती पण. ३० दिवसातले पहिले १५ दिवस "आम्हाला कळलंच नाही" यात गेले तर पुढं सगळी पळापळ होते.

ग्रामसभेचा ठराव, पण व्यवस्थित

ठराव सगळेच करतात. पण कसा केला त्यावर त्याची किंमत ठरते. ग्रामसभेला कोरम १५% मतदार किंवा १०० जण, यात जो आकडा कमी तो. कोरम नाही म्हणून तहकूब झालेली सभा परत घेतली तर तिला कोरम लागत नाही हे खरं, पण हद्दवाढीचा ठराव तहकूब सभेत चाळीस लोकांनी केला असं प्रोसिडिंगवर दिसलं तर समोरचा पहिलं तेच दाखवणार. पाचशे-सातशे लोक आणा. दवंडी, स्पीकर, व्हॉट्सअप ग्रुप, तालमीची पोरं, बचत गटाच्या बायका सगळ्यांना सांगा. महिला ग्रामसभा वेगळी घ्या आणि तिचा वेगळा ठराव करा. हे दाखवण्यापुरतं करू नका, पाणीपट्टी आणि घरफाळा वाढला की घरातलं बजेट कोण सांभाळतं हे माहित आहे, त्यामुळं बायकांच्या सभेत जे मुद्दे निघतात ते पुरुषांच्या सभेत निघत नाहीत.

ठरावात सूचक, अनुमोदक, हजर मतदारांची संख्या, सह्या-अंगठे, आणि विरोधाची कारणं क्रमानं. "सर्वानुमते" लिहायचं असेल तर खरंच सर्वानुमते असू दे. कुणी विरोधात बोललं तर तेही लिहा, दाबू नका, कारण तोच माणूस उद्या सुनावणीत उभा राहून सांगेल की मला बोलू दिलं नाही. व्हिडिओ करा. ठरावाची नक्कल ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यानं घ्या आणि जिल्हाधिकारी, नगरविकास विभाग, ग्रामविकास विभाग, जिल्हा परिषदेचे सीईओ, महापालिका आयुक्त, आमदार, खासदार, पालकमंत्री सगळ्यांना द्या. हाताने दिली तर आवक शिक्क्याची पोच घ्या, पोस्टानं पाठवली तर पावती जपा. पोच नसलेला कागद दिलाच नाही असं समजा.

हरकत कशी लिहायची

इथं जास्त वेळ द्या, कारण इथंच गावं कमी पडतात. बहुतेक गावात एक नमुना अर्ज छापतात, खाली नाव-सही, आणि हजार झेरॉक्स जमा करतात. हजार अर्ज गेले हे पेपरात छापायला बरं, पण अधिकारी अहवालात लिहितो "एकाच आशयाच्या १००० हरकती प्राप्त" आणि हजाराचा एक होतो. छापील अर्ज द्याच, संख्येला महत्त्व आहे, पण त्याच्यासोबत वीस-पंचवीस दणकट हरकती वेगवेगळ्या लोकांच्या, वेगवेगळ्या मुद्द्यांवर पाहिजेत.

शेतकऱ्यांची हरकत: गट नंबर, सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, ऊस असेल तर कारखान्याची बिलं, पाणीपुरवठा संस्थेची सभासद पावती. गावाची हरकत: २०११ च्या जनगणनेत तुमच्या गावाचे शेतकरी किती, शेतमजूर किती, इतर कामगार किती असे आकडे आहेत, जिल्हा जनगणना पुस्तिकेत सापडतात, त्यावरून शेतीबाहेरच्या रोजगाराची टक्केवारी काढा. हीच ती २४३-क्यू मधली टक्केवारी. आता आकडे जुने आहेत आणि समोरचा म्हणणार की तेव्हापासून गाव बदललं, म्हणून गावानं स्वतःचा घरोघरी सर्व्हे करावा, शाळेचे मास्तर आणि कॉलेजची पोरं मिळून दोन रविवारात होतो. सर्व्हेत आकडा तुमच्या विरुद्ध आला तर तो लपवून खोटं लिहू नका, तो मुद्दा सोडा आणि दुसरे धरा.

घनता काढणं सोपं, लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. एका बाजूला हजार एकर बागायत आणि दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या कडेला चार सोसायट्या अशी बऱ्याच गावांची स्थिती आहे, मग हरकतीत पर्यायी मागणीपण टाका की घ्यायचंच असेल तर तेवढाच पट्टा घ्या, शेती आणि गावठाण सोडा. ही मागणी टाकायला गावपुढारी घाबरतात, म्हणतात आपणच दार उघडून देतोय. माझं मत वेगळं आहे, पण यावर गावात एकमत झाल्याशिवाय लिहू नका कारण त्या सोसायटीतली माणसंपण गावचीच आहेत आणि बऱ्याच वेळा त्यांना शहरात जायचंच असतं, त्यांना पाणी पाहिजे, त्यात त्यांची चूक नाही.

दूध संस्था, विकास सेवा सोसायटी, पाणीपुरवठा संस्था, देवस्थान, तालीम मंडळ यांनी आपापल्या लेटरहेडवर वेगळी हरकत द्यावी. आणि जवळ एमआयडीसी असेल तर उद्योजकांना भेटा. कोल्हापूरच्या प्रस्तावात शिरोली आणि गोकुळ शिरगाव या एमआयडीसी का असायच्या हे सांगायला नको, कराचा पैसा तिथं आहे. तिथल्या उद्योजकांनीपण विरोध केला आणि त्यामुळं हा फक्त शेतकऱ्यांचा विषय राहिला नाही.

शहराचं म्हणणं काय आहे तेपण ऐका

कोल्हापुरात हद्दवाढीच्या बाजूनंपण कृती समिती आहे आणि त्यांची पण आंदोलनं होतात. ते म्हणतात गावची माणसं रोज शहरात येतात, केएमटीची बस वापरतात, अग्निशमनची गाडी बोलावतात, रस्ते वापरतात, कर मात्र गावात भरतात. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ वाढलं नाही म्हणून केंद्राच्या योजनांत शहर मागं राहतं. यात तथ्य आहे. आणि पंचगंगेत जाणाऱ्या सांडपाण्यात शहराचा वाटा मोठा असला तरी काठावरच्या गावांचे नालेपण तिथंच जातात.

यावर तोंड फिरवून चालत नाही. जे वापरतो त्याचे पैसे द्यायची तयारी दाखवा. बससेवेचा तोटा, अग्निशमन, पाणी, यासाठी ग्रामपंचायत आणि महापालिकेत करार होऊ शकतो. शेजारच्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून कचरा प्रकल्प किंवा सांडपाणी प्रकल्प करावा, जिल्हा परिषदेकडं प्रस्ताव द्यावा, वित्त आयोगाच्या निधीतला वाटा त्याला लावावा. आणि घरफाळ्याची वसुली! गावची वसुली अर्धवट असेल तर "आमची ग्रामपंचायत सक्षम आहे" या वाक्याला काय अर्थ राहतो. विरोध करायचा असेल तर आधी घरफाळा भरायचा, विशेषतः पुढाऱ्यांनी.

बेकायदा बांधकामाचंपण तसंच. हद्दवाढीची कुणकुण लागली की गुंठेवारीचे प्लॉट पाडून विकणारे जागे होतात, आता बांधून घ्या नंतर पालिकेचे नियम लागतील असं सांगतात, आणि एका वर्षात गावची रया जाते. तीच बांधकामं मग शहर पुरावा म्हणून दाखवतं की बघा अनियंत्रित वाढ. ग्रामपंचायतीनं तेव्हा कडक राहायचं असतं, आणि त्यासाठी सरपंचाच्या पाठीशी गाव पाहिजे.

बाकीच्या गावांचं काय झालं

हे नीट वाचा, कारण यातून डावपेच कळतात.

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ला झाली तेव्हा २७ गावं आत घेतली. गावांनी लढा दिला, २००२ ला ती वगळली. २०१५ ला परत आत. २०२० ला सरकारनं त्यातली १८ गावं काढून वेगळी नगरपरिषद करायचं ठरवलं, अधिसूचना काढली, आणि डिसेंबर २०२० ला मुंबई हायकोर्टानं ती रद्द केली, कारण महापालिकेशी कायद्याप्रमाणं सल्लामसलत झाली नव्हती. म्हणजे प्रक्रियेची चूक गावाच्या बाजूनं वापरता येते तशी गावाच्या विरुद्धपण जाते. तुमच्या मनासारखी अधिसूचना निघत असेल तरी ती नीट प्रक्रियेनं निघतेय ना ते तुम्हीच बघा.

वसई-विरार महापालिका जुलै २००९ ला झाली, चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून. वसईच्या हिरव्या पट्ट्यातल्या गावांनी जबरदस्त आंदोलन केलं, त्याच वर्षी विवेक पंडित त्या लाटेवर अपक्ष आमदार म्हणून निवडून आले, २०११ ला सरकारनं २९ गावं वगळायचा निर्णय घेतला, आणि मग प्रकरण कोर्टात जे अडकलं ते वर्षानुवर्षं. गावं शेवटी महापालिकेतच राहिली. रस्त्यावर जिंकलेलं कोर्टात अडकतं, म्हणून पहिल्या दिवसापासून वकील पाहिजे.

पुण्यात २०१७ ला ११ गावं आली आणि ३० जून २०२१ ला आणखी २३. यातली बरीच गावं स्वतःहून यायला तयार होती, हवेली तालुक्यातूनच तशी मागणी होती, पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी. पण फुरसुंगी आणि उरुळी देवाची, जिथं शहराचा कचरा वर्षानुवर्षं पडला, तिथं लोकांना जाचक वाटला तो मिळकत कर, आणि सुविधा काही दिसेनात. शेवटी सप्टेंबर २०२४ ला ही दोन गावं बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. सात वर्षं गेली त्यात.

आणि उलटं उदाहरण: नवी मुंबईतून १४ गावं २००७ ला बाहेर पडली, पण बाहेर पडल्यावर ना निधी आला ना नियोजन, गोदामं आणि बेकायदा बांधकामं वाढली, आणि मग त्याच गावातून परत आत घ्या म्हणून मागणी सुरू झाली, २०२४ ला ती परत आत गेली. हे उदाहरण मी मुद्दाम देतोय. बाहेर राहून काय करणार हे ठरलेलं नसेल तर बाहेर राहणं टिकत नाही.

या सगळ्यातून मला एकच दिसतं की आत गेल्यावर बाहेर पडणं फार अवघड. सगळा जोर आत जायच्या आधी लावा.

पर्याय काय मागायचा

गाव मोठं असेल तर स्वतःची नगरपंचायत किंवा नगरपरिषद मागता येते. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात नगरपंचायतीसाठी १० ते २५ हजार लोकसंख्या आणि किमान २५% बिगरशेती रोजगार, नगरपरिषदेसाठी २५ हजारांच्या वर आणि किमान ३५% असे निकष आहेत. दोन-तीन गावं मिळूनपण करता येते, फुरसुंगी-उरुळी देवाची तशीच. पण लक्षात ठेवा, हा मुद्दा आणि "आम्ही शेतीप्रधान आहोत" हा मुद्दा एकाच अर्जात नांदत नाहीत. एक काहीतरी ठरवा.

दुसरा पर्याय प्राधिकरण. कोल्हापुरात २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं क्षेत्र विकास प्राधिकरण केलं. तेव्हा गावांना वाटलं सुटलो. पण प्राधिकरणाकडं बांधकाम परवानगीचे अधिकार आले, विकासाला लागणारा पैसा आणि माणसं त्या मानानं आली नाहीत, आणि लोकांना साध्या घराच्या परवानगीसाठी हेलपाटे. म्हणून प्राधिकरण स्वीकारायचं असेल तर आधी लिहून घ्या: निधी किती, कर्मचारी किती, गावठाणातल्या घराची परवानगी कोण देणार, ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी त्यात किती. तोंडी आश्वासनावर आंदोलन मागं घेऊ नका.

कृती समिती आणि पुढारी

समिती सर्वपक्षीय पाहिजे, आणि एकाच गावाची नको, प्रस्तावातल्या सगळ्या गावांची एक. सरकार गावं फोडतं. अठरा म्हणतं, विरोध झाला की आठवर येतं, मग वाचलेली दहा गावं घरी जातात आणि आठ एकटी पडतात. त्यामुळं सुरुवातीलाच सगळ्या ग्रामसभांत ठराव करा की एकही गाव घेतलं तरी सगळी गावं सोबत राहतील.

आमदाराचं काय करायचं हा मोठा विषय. कोल्हापूर दक्षिणसारख्या मतदारसंघात शहराचा भागपण आहे आणि गावंपण, त्यामुळं तिथल्या कुठल्याही पुढाऱ्याला दोन्हीकडं तोंड द्यावं लागतं. शहरात हद्दवाढ झाली पाहिजे आणि गावात तुम्हाला विश्वासात घेतल्याशिवाय काही होणार नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यात ऐकायला मिळतात. त्यावर चिडून उपयोग नाही. लेखी पत्र मागा, नगरविकास मंत्र्यांना उद्देशून, गावांची नावं घालून. जो पत्र देईल त्याचा जाहीर सत्कार करा, जो देणार नाही त्याचं नाव ग्रामसभेत वाचा. निवडणुकीवर बहिष्कार हा मार्ग मला व्यक्तिशः पटत नाही, कारण मत न दिलेल्या गावाची कुणाला भीती वाटत नाही.

पैशाचा हिशोब दर महिन्याला पारावर लावा. वर्गणी किती जमली, वकिलाला किती, गाड्यांना किती. हिशोबावरून समित्या फुटतात. आणि आंदोलनात एसटी, केएमटीवर दगड पडता कामा नये, पोरांवर केस लागली तर पुढची पाच वर्षं ती तारखांना जातात आणि नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत अडकतात, हे नेत्यांनी आधीच सांगायचं.

वेळेचं गणितपण ठेवा. जनगणनेच्या आधी प्रशासकीय सीमा गोठवतात, त्या काळात हद्द बदलत नाहीत. महापालिकेची निवडणूक जवळ आली की प्रभाग रचनेमुळं हद्दवाढ पुढं ढकलली जाते. म्हणजे धोका असतो तो या दोन्ही गोष्टी संपल्यावर, तेव्हा गाव झोपलेलं असतं.

कोर्टात कधी जायचं

कोर्टाकडून फार अपेक्षा ठेवू नका, हे स्पष्ट सांगतो. सुप्रीम कोर्टानं १९८९ ला सुंदरजस कन्यालाल भाटिजा प्रकरणात, जे कल्याण महापालिका आणि उल्हासनगरवरूनच होतं, सांगितलं की हद्द ठरवणं हे सरकारचं कायदे करण्यासारखं काम आहे, कायद्यात लिहिलंय तेवढी प्रक्रिया पाळली की बास. त्याच्या आधी १९८७ ला बलदेव सिंग विरुद्ध हिमाचल प्रदेश यात मात्र कोर्ट म्हणालं होतं की शहरी हद्दीत घेतल्या जाणाऱ्या लोकांना म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. तुमच्या वकिलाला दोन्ही निकाल माहित असले पाहिजेत. सोप्या भाषेत, "निर्णय चुकीचा आहे" यावर कोर्ट सहसा हात घालत नाही, "निर्णय चुकीच्या पद्धतीनं घेतला" यावर घालतं. प्रारूप प्रसिद्ध झालं नाही, मुदत दिली नाही, प्रारूपात नसलेलं गाव अंतिममध्ये घुसवलं, महापालिकेशी सल्लामसलत नाही, ही खरी कारणं. आणि त्यासाठीच वर म्हटलं की प्रत्येक कागदाची पोच ठेवा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना आता मुंबईला जायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय.

तरीही गाव गेलंच तर

त्याचीपण तयारी पाहिजे, हे बोललं की लोक रागावतात पण पाहिजे. ग्रामपंचायतीच्या सगळ्या मिळकतींची यादी, गायरानाचे उतारे, विहिरी, शाळा, व्यायामशाळा, स्मशानभूमी, सगळ्याचे फोटो आणि नोंदी पक्क्या करा. प्रत्येक घराचा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरफाळा नोंदीचा) उतारा काढून घरात ठेवा. शेवटच्या महिन्यात मागच्या तारखेनं नोकरभरती करू नका, पुढं चौकशी लागते आणि खरे कर्मचारीपण त्यात भरडले जातात. मिळकत कर एकदम शहराच्या दरानं लावता येत नाही, नव्यानं आलेल्या भागात तो टप्प्याटप्प्यानं वाढवायची तरतूद महापालिका कायद्यात आहे, कलम १२९-अ, पहिलं बिल आलं की ते त्याच्याशी ताडून बघा.

आणि विकास आराखडा. गाव आत गेल्यावर खरी जमीन जाते ती इथं, आरक्षणात. एमआरटीपी, म्हणजे नगररचना कायद्याखाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर परत हरकतींची मुदत मिळते, आणि हद्दवाढीच्या लढ्यात दमलेली गावं तेव्हा गप्प बसतात. आपल्या गट नंबरवर रस्ता पडलाय की बाग पडलीय की कचरा डेपो, हे प्रत्येकानं नकाशावर स्वतः जाऊन बघायचं, एजंटच्या शब्दावर नाही. कृती समिती तोपर्यंत विसर्जित करू नका.

फाईलच्या तीन प्रती ठेवा, एक ग्रामपंचायतीत, एक समितीकडं, एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणा विश्वासू माणसाकडं, आणि सगळं स्कॅन करून ड्राईव्हवर टाका. सरपंच बदलला की पहिल्या आठवड्यात नव्या सरपंचाला बसवून ती फाईल वाचून दाखवा, मग तो कुठल्या का गटाचा असेना.